वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं: नातवंडांची शाळा जर्मनीत की फ्रान्समध्ये?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची चोपडा तालुक्यात केळीची शेती आहे. मुलगा इंजिनिअर, सून आणि दोन नातवंडांसह म्युनिकजवळ राहतो. नातू तिसरीत आहे, नात साडेचार वर्षांची, बालवाडीत जाते. आता कंपनी मुलाला फ्रान्सला, तुलूझ शहरात पाठवायचं म्हणते. मुलगा म्हणतो जाऊ, पगार बरा आहे. सून म्हणते, मुलांचं आत्ता कुठे बस्तान बसलंय, पुन्हा नवी भाषा, नवी शाळा कशाला? निदान याची चौथी तरी होऊ द्या. रात्री फोन आला की दोघंही मलाच विचारतात. मी दहावी शिकलेला माणूस, काय सांगू? मुलांच्या दृष्टीनं कोणता देश बरा? नातवाचं वर्ष वाया जाईल का? तिकडे आपले संस्कार, देवधर्म राहील का? आणि एक मनातलं विचारतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला पोरं घरी यायची आशा कुठून जास्त?
– एक आजोबा, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, नमस्कार. तुमचा प्रश्न माझ्याही घरातला आहे. माझी मुलगी न्युरेंबर्गला असते, म्हणजे तुमच्या मुलाच्याच राज्यात, बव्हेरियात. मुलगा फ्रान्समध्ये लियोनला. अमळनेरहून मी दोन्ही घरी जाऊन राहते, नातवंडांना शाळेत सोडते, आणायला जाते. जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यामुळे फाटकाबाहेर उभी असले तरी माझं लक्ष आत काय चाललंय याच्याकडेच असतं.

आधी मत सांगते, मग कारणं. जायचं असेल तर याच उन्हाळ्यात जाऊ द्या. "चौथी होऊ द्या, मग बघू" हा सूनबाईंचा विचार काळजीपोटी आहे हे मला कळतं, पण दोन्हींपैकी तोच मार्ग मुलाला जड जाईल.

कारण सगळी मेख त्या चौथीतच आहे. जर्मनीत प्राथमिक शाळा चार वर्षांची, फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहा. चौथी झाली की मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. गिम्नाझियममध्ये गेलेलं मूल पुढे आबिटुर ही परीक्षा देऊन विद्यापीठात जातं. रेआलशूल आणि मिटलशूल या शाळा बहुतेक मुलांना कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेतात. सोळा राज्यांचे सोळा कायदे, त्यात बव्हेरियाचा कडक. तिथं चौथीच्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला मुलाच्या हातात एक प्रमाणपत्र येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमला थेट प्रवेश, २.६६ पर्यंत रेआलशूलला. तिथं १ म्हणजे सर्वांत चांगलं आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. सरासरीत बसलं नाही तर वेगळ्या चाचणी-वर्गांना बसायचं.

माझ्या मोठ्या नातीचं ते वर्ष मी पाहिलं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या फाटकाशी आया एकमेकींना अपूर्णांक विचारत उभ्या असतात. माझी मुलगी ऑफिसातून आली की ओट्यावर कुकर आणि टेबलावर परिसर अभ्यासाची वही. मूल दहा वर्षांचं सुद्धा झालेलं नसतं हो. त्या वयात आमच्या वर्गातली कितीतरी मुलं नुसती झोपलेली होती म्हणा ना. सहावी-सातवीत अचानक जागी झाली आणि आज त्यांतली काही तहसील कचेरीत, काही दवाखान्यात मोठ्या जागेवर आहेत. नवव्या-दहाव्या वर्षी मुलाला जोखणं मला मान्य नाही, मग ते कितीही शास्त्रशुद्ध असो. नंतर वाट बदलता येते हे खरं. रेआलशूलमधूनही हुशार मुलं पुढे विद्यापीठात पोचतात, आणि कारखान्यात शिकत शिकत कारागीर होणाऱ्याला जर्मनीत जो मान आहे तो आपल्याकडेही यायला हवा. पण वाट बदलायला घरात भाषा लागते, माहिती लागते. 'पिसा' ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. तिचे पहिले निकाल २००१ मध्ये लागले तेव्हा सगळी जर्मनी हादरली होती. जर्मन मुलांचे गुण सरासरीच्या खाली होतेच, पण त्याहून बोचलं ते हे, की मुलाचं यश त्याच्या आईबापांच्या परिस्थितीवर तिथं फारच अवलंबून आहे. फ्रान्सलाही पुढच्या फेऱ्यांत हाच दोष वारंवार दिसला, तेव्हा तोही देश धुतल्या तांदळाचा नाही.

फरक एवढाच, की फ्रान्स मुलांना उशिरा वेगळं करतो. प्राथमिकची पाच वर्षं, मग 'कोलेज' नावाची चार वर्षांची शाळा, तीही सगळ्यांना एकच. डॉक्टरचा मुलगा आणि सफाई कामगाराची मुलगी पंधराव्या वर्षापर्यंत एकाच अभ्यासक्रमाच्या वर्गात बसतात. त्यानंतर लिसे, तिथं सर्वसाधारण, तांत्रिक आणि व्यावसायिक अशा शाखा फुटतात, शेवटी बाकालोरेआ परीक्षा, जी नेपोलियननं १८०८ मध्ये सुरू केली. तुमच्या नातवाला म्हणजे अजून पाच-सहा वर्षं मोकळीक मिळते.

आता थांबलात तर काय होईल बघा. तो बव्हेरियात चौथीचा तो सगळा ताण काढेल, सरासरी मिळवेल, आणि मग फ्रान्सला जाऊन पडेल ते अगदी कोलेजच्या तोंडाशी, प्राथमिकचं जेमतेम एक वर्ष हाती. कोलेजमध्ये प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, तासाला वर्ग बदलायचा, आणि फ्रेंच अजून कच्चं. याच उन्हाळ्यात गेला तर त्याला प्राथमिक शाळेची दोन वर्षं मिळतील, जिथं दिवसभर बहुतेक एकच बाई किंवा गुरुजी असतात. ओळखीचा एक चेहरा समोर असला की भाषा लवकर येते.

वर्ष वाया जाईल का विचारलंत. फ्रान्समध्ये वर्ग जन्मसालावरून ठरतो, भाषा येत नाही म्हणून सहसा मागे बसवत नाहीत. बाहेरून आलेल्या मुलांना आठवड्यातले काही तास वेगळं फ्रेंच शिकवण्याची सरकारी सोय आहे. मुलाला सांगा, शाळा ठरवतानाच ही सोय कोणत्या शाळेत आहे ते विचारून घे. तुलूझच्या कडेला कोलोमिए गावात जर्मन शाळाही आहे, विमान कारखान्यांमुळे तिथं जर्मन कुटुंबं बरीच. पण फी भरून तिथं घालायची घाई करू नका. मूल ज्या गल्लीत खेळणार, त्या गल्लीच्या शाळेत जाऊ दे. जर्मन भाषा कोलेजमध्ये विषय म्हणून घेता येते, तेवढी मात्र टिकवा. हातची भाषा घालवू नये.

पहिले काही महिने तो गप्प होईल. याला घाबरू नका. मी माझ्या नोकरीची पहिली वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी, तुमच्याच तालुक्यात काढली. पाड्यांवरून पावरा मुलं यायची, घरी पावरी बोलायची आणि शाळेत समोर मराठी पुस्तक. एक मुलगी होती, दिवाळीपर्यंत हूं की चूं नाही. हजेरीला नुसता हात वर. मी तिला बोल म्हणून कधी टोकलं नाही, मधल्या सुट्टीत मैत्रिणींशी पावरीत भरभरून बोलायची ती मला खिडकीतून दिसायची. संक्रांतीनंतर एक दिवस उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझी पाटी त्यानं घेतली." अख्खं वाक्य, एक मात्रा चुकली नाही. आतल्या आत सगळं साठत होतं. तुमच्या नातवाचंही तसंच होईल. त्या काळात सूनबाईंनी घरी फ्रेंच बोलायचा हट्ट धरू नये. घरी मराठी, आणि तुमच्याशी फोनवर अहिराणी. "आबा, तब्येत कशी शे?" एवढं जरी तो रोज म्हणाला तरी त्याची जीभ मोकळी राहते. ज्या मुलाची घरची भाषा पक्की, ते दुसरी भाषा धीटपणे उचलतं. हे मी पुस्तकातून नाही, पाड्यांवरच्या मुलांकडून शिकले.

आता नातीचं. इथं मात्र मला वाईट वाटतं, कारण तिचं काहीतरी मोलाचं जर्मनीत राहून जाणार आहे.

फ्रीड्रिख फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी खेळाची संस्था काढली, तिथून जगभरच्या बालवाड्या निघाल्या. त्याची पुण्याई त्या देशात अजून टिकून आहे. न्युरेंबर्गला धाकट्या नातीच्या बालवाडीत व्हरांड्यात खुंट्यांची रांग आहे. प्रत्येक खुंटीवर चित्र, कुणाचं कासव, कुणाची किटली, कारण नाव वाचता येणं कुणाकडून अपेक्षितच नाही. खुंटीला पट्ट्यांची रबरी विजार टांगलेली, खाली गुडघ्यापर्यंतचे बूट. नोव्हेंबरचा बारीक पाऊस, बोटं गारठवणारा. आमच्याकडे असा पाऊस असता तर आम्ही दारं लावून गाणी म्हणवली असती. तिथं बाईंनी दार उघडलं आणि वीस-बावीस मुलं चिखलात. आमची नात डबक्याच्या काठी बसून झारीनं पाणी ओतत होती, पाट काढत होती, पाट फुटला की पुन्हा बांधत होती. अर्धा तास. तिच्या बाई तिथंच पावसात उभ्या, एका शब्दानं मध्ये पडल्या नाहीत. आत आल्यावर प्रत्येकीनं आपली विजार आपण उतरवली, बूट जागेवर ठेवले, मग टेबलाशी बसून खऱ्या सुरीनं सफरचंद चिरलं. पाच वर्षांच्या मुली! सहा वर्षांपर्यंत तिथं अक्षर गिरवून घेत नाहीत. आणि पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्या निम्म्या उंचीचा कागदी शंकू देतात, खाऊ, पेन्सिली, छोट्या भेटींनी भरलेला. आजी-आजोबा नटून येतात. शाळा सुरू होणं हा त्या देशात घरचा सण आहे, आणि तो मला फार आवडतो. पुढे शाळेतच पोलीस येऊन सायकलची परीक्षा घेतात, मुलं चौकात हात दाखवून वळायला शिकतात, आणि शाळेत एकटी चालत जातात.

फ्रान्समध्ये तीन वर्षांपासूनच शाळा. २०१९ पासून ती सक्तीची आहे, आणि फुकट. 'मातर्नेल' म्हणतात तिला, वर्गात शिक्षिकेच्या जोडीला एक मदतनीस असते, अगदी लहानांना दुपारी खाटांवर झोपवतात. वाईट अजिबात नाही. पण ती शाळा आहे, हे विसरायला होत नाही. रांग, बसायची जागा, बोलायची पाळी. सकाळी साडेआठच्या सुमारास गेलेलं मूल साडेचारला सुटतं, मध्ये जेवणाची किमान दीड तासाची सुट्टी. चाळीस मिनिटांत डबा संपवणाऱ्या आपल्या मुलांना ती चैनच वाटेल. साडेचारला फाटकाशी प्रत्येक आईच्या हातात पावाचा तुकडा आणि चॉकलेट, तो तिथला ठरलेला खाऊ.

सूनबाईंसाठी मात्र हीच गोष्ट सोयीची. बव्हेरियात प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते. मग जेवण, अभ्यास, पोहणं, फुटबॉल, सगळी दुपार आईच्या डोक्यावर. दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क प्राथमिकच्या मुलांना जर्मनीत २०२६ पासून, तोही पहिलीपासून एकेक वर्ग करत मिळायचा आहे. फ्रान्समध्ये आई पूर्ण वेळ नोकरी करते हे धरूनच शाळेचा दिवस आखलेला असतो. सूनबाई शिकलेल्या असतील, त्यांना काम करायचं असेल, तर हा मुद्दा त्यांच्यापुढे ठेवा. बहुधा कुणी ठेवला नसेल.

मला स्वतःला फ्रान्सच्या प्राथमिक वर्गात घरच्यासारखं वाटलं, खरं सांगते. आपल्या दुरेघी-चौरेघी वह्या बंद होत चालल्या. तिथं अजून मुलं सेयेस आखणीच्या वहीत लिहितात. आठ मिलिमीटरवर गडद रेघ, आणि दोन गडद रेघांच्या मध्ये दोन-दोन मिलिमीटरवर तीन फिकट रेघा. कोणत्या अक्षराची मान कुठल्या रेघेला लागली पाहिजे ते ठरलेलं. नातवाची वही मी हातात घेतली तर समासात लाल शाईनं बाईंचा शेरा, खाली आठवड्याची कविता, शेजारी त्यानं काढलेलं चित्र. कविता पाठ करून वर्गापुढे म्हणायची, श्रुतलेखन नियमानं. लेखी गृहपाठाला प्राथमिक शाळेत १९५६ पासून बंदी आहे, पण पाठांतर आणि वाचन घरी असतंच. शिक्षक कौतुकाला थोडे कंजूष वाटतात. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं साने गुरुजी स्वतः आवरायचे हे ऐकत वाढलेल्या अमळनेरच्या माणसाला ते कोरडेपण जाणवतं. तुमच्या नातवाला दुखेल कदाचित. घरून शाबासकी थोडी जास्त मिळू द्या.

जेवणाचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण शाळेच्या खानावळीत, आठवड्याचा बेत फाटकावर लावलेला. आधी कोशिंबिरीसारखं काही, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, शेवटी फळ. प्यायला पाणी. पैसे बहुतेक गावांत घरच्या उत्पन्नाप्रमाणे. नोव्हेंबर २०१९ पासून आठवड्यातून एक जेवण मांस-माशांशिवायचं (अंडं मात्र असू शकतं) असणं कायद्यानं बंधनकारक आहे. बाकी दिवशी मांसाशिवायचं ताट मिळतं की नाही हे गावोगाव वेगळं. खानावळ नगरपालिका चालवते, तेव्हा मुलानं चौकशी शाळेत नाही, नगरपालिकेत करावी, आणि घर घेण्याआधी करावी. अंडी-मासे चालत नसतील तर हे आधीच स्पष्ट करून घ्या.

देवधर्माचं असं, की बव्हेरियात शाळेत धर्माचा तास असतो. आपली मुलं त्याऐवजी नीतिशिक्षणाला बसतात. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या नावानं मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फिरतात, आमच्या नातीही जातात. फ्रान्सच्या सरकारी शाळेत धर्म दाराबाहेर. २००४ च्या कायद्यानं ठळक धार्मिक चिन्ह घालून येता येत नाही, गळ्यातलं बारीक पदक चालतं. मला यात काही गैर वाटत नाही. संस्कार शाळेनं करायचे नसतातच. संध्याकाळी दिवा लावला, शुभंकरोती झाली, आजोबांचा फोन आला, झालं.

राहता राहिली आखाजी. लेकीबाळी माहेरी आल्या, झाडाला झोका बांधला, गौराईची गाणी सुरू झाली आणि नातवंडंच नाहीत, ही हुरहूर मला रोजची आहे. फ्रान्समध्ये साधारण सात आठवडे शाळा झाली की दोन आठवडे सुट्टी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली सुट्टी २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दिवाळीला धरून आली. बव्हेरियात तेव्हा एकच आठवडा, तोही नोव्हेंबरच्या तोंडाला. फ्रान्सची वसंत सुट्टी एप्रिल-मेच्या सुमारास, ती आखाजीला एखाद्या वर्षी गाठते, एखाद्या वर्षी हुकते. बव्हेरियाची ईस्टरची सुट्टी बहुधा लवकर संपते आणि पुढची दोन आठवड्यांची मेअखेर-जूनमध्ये येते, तोवर आमरस आटोपलेला. मध्येच शाळा बुडवून आणू म्हणाल तर जर्मनीत ते करू नका. २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच निघालेली कुटुंबं अडवून त्यांची तक्रार केली होती. दंड होतो.

माझं ऐका, आखाजीपेक्षा पोरांना आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाला बोलवा. श्रावणात, जुलै-ऑगस्टमध्ये येते, फ्रान्सला तेव्हा दोन महिने पूर्ण सुट्टी. रोट असतात, सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रात्रभर जागरण. मुलांना आपलं गणगोत कळायला याहून चांगली जागा नाही. शिवाय ऊन उतरलेलं असतं. मे महिन्यात आपला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तिकडची पोरं घरात कोंडून घालावी लागतात. तिकिटं मात्र जानेवारीतच काढा.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची, नर्सरीत आहे. शाळा रोज पानभर लिहून आणायला सांगते. तिची बोटं दुखतात, ती रडते. जर्मनीत सहा वर्षांपर्यंत लिहायला शिकवत नाहीत म्हणे. मग मी हिला शाळेतून काढून घरी ठेवू का?
– एक आई, धुळे

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत तर जर्मनीचं खरं आहे हे कळेल. पण फ्रान्समध्ये तीन वर्षांपासून शाळा असूनही त्या वयात पानभर लिहून घेत नाहीत. आधी मोठ्या कागदावर रेघा, गोल, वळणं, मग स्वतःचं नाव, आणि जोडलेली अक्षरं शेवटच्या वर्षी. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, खेळातून शिकण्याचा. तेव्हा चूक तुमच्या मुलीची नाही.

घरी ठेवू नका, तिला सवंगडी हवेत. वर्गशिक्षिकेला एकटं गाठून बोला, चार लोकांसमोर नको. तिच्यावरही वरून दडपण असतं. आणि घरी लिहायच्या वेळेत तिला भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवा, कणकेच्या गोळ्या करू द्या, पाटीवर ओल्या फडक्यानं रेघा ओढू द्या. बोटांत जोर तिथूनच येतो. वहीत त्या पानावर तुम्ही स्वतः लिहा, "आज मुलीनं वाटीभर शेंगा फोडल्या," आणि खाली सही करून पाठवा. दोन आठवडे असं करा आणि बाई काय म्हणतात ते मला कळवा.